स्की ट्रिपसाठी परदेशात जायचंय? तिकिटाआधी फोनवर डोंगर तपासा

नवी मुंबईत पारा १५ अंशांवर आला तरी आपण कपाटातून स्वेटर काढतो. नेमक्या त्याच दिवसांत इन्स्टाग्रामवर रील्स सुरू होतात: पांढराशुभ्र डोंगर, रंगीत जॅकेट, पायात स्की आणि खाली लिहिलेलं असतं, ‘पाच दिवस, चार रात्री, फक्त इतके हजार’. ऐरोलीच्या ऑफिसमधला किंवा खारघरच्या कॉलेजमधला ग्रुप लगेच व्हॉट्सॲपवर ‘स्नो ट्रिप’ नावाचा नवा ग्रुप काढतो आणि चर्चा सुरू होते. जॉर्जिया की कझाकस्तान? स्वित्झर्लंड की जपान? का सरळ गुलमर्ग?

ही तुलना बहुतेक जण फोनवर दोनच आकडे बघून करतात. एक तिकिटाचा दर आणि दुसरा वेदर ॲपवरचं तापमान. गंमत म्हणजे हे दोन्ही आकडे शहराचे असतात. तिकीट तुम्हाला शहरापर्यंत नेतं आणि ॲप शहराचं हवामान दाखवतं. स्कीइंग मात्र त्या शहरापासून दीड-दोन हजार मीटर उंचावर होतं. वर्षभर साठवलेले लाख-दीड लाख रुपये खर्च करून पोचायचं आणि वर बर्फाऐवजी पाऊस किंवा बंद पडलेली लिफ्ट बघून परत यायचं, असं होऊ नये म्हणून तिकिटाआधी डोंगर तपासायला हवा. तो फोनवर, फुकटात तपासता येतो. कसा, ते या लेखात पाहूया.

ट्रिपचा नाही, बर्फावरच्या दिवसाचा खर्च काढा

सगळ्यात आधी एक साधं गणित. एकूण खर्चाला एकूण दिवसांनी भागू नका. प्रत्यक्ष स्कीइंग करता येईल अशाच दिवसांनी भागा.

समजा, एक पॅकेज ५ दिवसांचं आणि ९० हजारांचं आहे. पहिला दिवस विमान आणि रस्त्यात गेला, शेवटचा परतीत. एक दिवस शहर दर्शनाचा. उरले दोन. म्हणजे बर्फावरचा एक दिवस ४५ हजारांना पडला. दुसरी ट्रिप ८ दिवसांची आणि १ लाख ३० हजारांची आहे, पण तिच्यात ५ दिवस स्कीइंगचे आहेत. तिथे एक दिवस २६ हजारांना पडतो. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, पण महाग वाटणारी ट्रिप स्वस्त कशी ठरू शकते ते यातून लक्षात येईल.

गुगल शीट्समध्ये एक शीट बनवून ग्रुपमध्ये शेअर करा. तिच्यात हे कॉलम ठेवा: विमान, एअरपोर्ट ते डोंगर प्रवास, व्हिसा, इन्शुरन्स, राहणं, लिफ्ट पास, स्की आणि बूट भाडं, जॅकेट-पँट भाडं, इन्स्ट्रक्टर. रील्समध्ये शेवटचे चार खर्च हमखास गायब असतात. शेवटच्या कॉलममध्ये बर्फावरचे दिवस लिहा आणि त्यातून एक दिवस वजा करा. जोराचा वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद ठेवतात, त्यामुळे एक दिवस वाया जाईल असं धरूनच चाला.

वेदर ॲप शहराचं, तुम्ही डोंगरावर

हवेत वर जाल तसं तापमान उतरतं. साधारण हिशोब असा, की दर १,००० मीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअस कमी. आता हे वापरून बघू.

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी साधारण ४५० मीटर उंचीवर आहे आणि गुदाउरी हे स्की गाव सुमारे २,२०० मीटरवर. फरक १,७५० मीटरचा, म्हणजे ११ अंशांच्या आसपास. ॲपवर तिबिलिसीत ८ अंश दिसले म्हणून ग्रुपमध्ये कुणी ‘अरे, बर्फ वितळला असेल’ म्हणाला, तर त्याला सांगा की गुदाउरीत तेव्हा उणे ३ च्या आसपास असू शकतं.

उलटही होतं. कझाकस्तानमधलं अलमाटी शहर डोंगराच्या पायथ्याशी वाटीसारख्या जागेत आहे. हिवाळ्यात थंड, जड हवा आणि धूर खाली साचून राहतो आणि कधी कधी वरच्या शिंबुलाकला शहरापेक्षा जास्त ऊब असते. म्हणजे ६.५ चा हिशोब हा अंदाज आहे, कायदा नाही.

म्हणून शहराचं नाव टाकून हवामान बघणं सोडा. विंडी ॲपमध्ये शून्य अंश तापमान नेमकं किती उंचीवर आहे, त्याचा वेगळा लेअर मिळतो. ती उंची १,८०० मीटर असेल आणि तुमचा स्लोप १,५०० ते २,५०० मीटरमध्ये असेल, तर वर बर्फ पडेल पण खालच्या टप्प्यात पाऊस येण्याची शक्यता मोठी. स्नो-फोरकास्टसारख्या साइटवर एकाच डोंगराचे तळ, मध्य आणि शिखर असे तीन वेगळे अंदाज मिळतात. तळाचा अंदाज नीट वाचा, कारण नवशिक्यांचे स्लोप बऱ्याच ठिकाणी खालीच असतात.

आता हा अंदाज येतो कुठून? हवामानाचं मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशोब करतं. युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ मॉडेलचा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा असतो आणि अमेरिकेच्या जीएफएसचा सुमारे १३ किलोमीटरचा. एवढ्या चौकोनात दरी, उतार आणि शिखर सगळं सरासरीत मिसळून जातं. म्हणून दोन्ही मॉडेल उघडून बघा. दोघांचं जुळलं तर विश्वास ठेवा. एक म्हणतं ४० सेंटीमीटर बर्फ आणि दुसरं म्हणतं ५, तर अजून काहीच पक्कं नाही असं समजा. आठवड्यापलीकडचा बर्फाचा आकडा बघून पैसे भरू नका.

नुसती उंची बघून चालत नाही

मग सगळ्यात उंच डोंगर निवडला की झालं का? नाही. जपानमधल्या होक्काइदो बेटावरचं निसेको जगभर भुसभुशीत बर्फासाठी प्रसिद्ध आहे. ज्या अन्नुपुरी डोंगरावर हे स्कीइंग चालतं त्याची उंची आहे १,३०८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे हा डोंगर कळसूबाईपेक्षाही बुटका! पण हिवाळ्यात सैबेरियाची गारठलेली हवा जपानचा समुद्र ओलांडताना बाष्प उचलते आणि होक्काइदोवर येऊन बर्फ ओतते. थंडी आणि ओलावा दोन्ही हवेत, तेव्हा बर्फ पडतो.

दुसरं टोक गुलमर्गचं. गाव २,६५० मीटरवर, आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या बाजूला ३,९०० मीटरच्याही वर नेतो. तरीही जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची मैदानं कोरडी, तपकिरी पडली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फ कमी म्हणून पुढे ढकलावा लागला आणि तो मार्चमध्ये झाला. पश्चिमेकडून येणारे वादळी ढग आले नाहीत, तर नुसती उंची काय करणार?

मागच्या वर्षांचा बर्फ सॅटेलाइटवर बघा

ही युक्ती फार कमी लोक वापरतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो कोपर्निकस ब्राउझर या साइटवर फुकट बघता येतात. एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० मीटर आणि त्याच जागेचा नवा फोटो साधारण दर ५ दिवसांनी. फोनच्या ब्राउझरवरही चालतं, फक्त फोन आडवा धरा.

तुम्ही ज्या आठवड्यात जाणार तो आठवडा निवडा आणि गेल्या चार-पाच वर्षांतल्या त्याच आठवड्याचे फोटो एकेक करून बघा. ढग असतील तर दोन-चार दिवस मागेपुढे सरका. पाचपैकी चार वर्षं डोंगर पांढरा दिसला, तर तारीख चांगली. पाचपैकी दोन वर्षं तपकिरी, तर तिथे जाणं म्हणजे जुगार.

एक खूण लक्षात ठेवा. आजूबाजूचा डोंगर तपकिरी आणि मधेच पांढऱ्या पट्ट्या दिसल्या, तर तो बर्फ आभाळातून आलेला नाही, मशीनने बनवलेला आहे. त्यात वाईट काही नाही. नवशिक्याला शिकायला तो पुरतो. पण रीलमधलं पांढरं जग तिथे सापडणार नाही.

सुट्टीचाही विचार इथेच करा. दिवाळीत उत्तर गोलार्धात बहुतेक स्लोप उघडलेलेच नसतात, अगदी उंच हिमनद्यांवरचे काही सोडून. तेव्हा जायचंच असेल तर दुबईच्या मॉलमधलं, २००५ पासून चालू असलेलं स्की दुबई आहे. तिथला सर्वांत लांब स्लोप ४०० मीटरचा. पहिला अनुभव म्हणून ठीक. नाताळात दर चढलेले आणि बर्फ नुकता सुरू झालेला. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी सगळ्यात भरवशाचा. मे महिन्यात उत्तरेत सीझन संपलेला असतो आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात तो जूनमध्ये सुरू होतो.

पाच ठिकाणं समोरासमोर

गुलमर्ग: पासपोर्ट-व्हिसा काही नको. शिकायला सरकारी संस्थांचे कोर्स आहेत. पण एक तांत्रिक गोष्ट बघा: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. ग्रुपमधल्या निदान दोघांकडे पोस्टपेड हवं.

शिंबुलाक, कझाकस्तान: तळ सुमारे २,२६० मीटरवर आणि अलमाटी शहराला अगदी लागून. रोज शहरातून वर जाऊन रात्री परत येता येतं, त्यामुळे राहण्याचा खर्च आटोक्यात राहतो. जुलै २०२२ पासून भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही.

गुदाउरी, जॉर्जिया: तिबिलिसीपासून सुमारे १२० किलोमीटर. स्लोप ३,२०० मीटरच्या वर जातात. उतार मोकळे, झाडं नाहीत. ऊन असताना मजा, पण धुकं आलं की समोरचं काही दिसत नाही. रस्ता डोंगरी, मोठ्या बर्फात बंद होऊ शकतो. परतीचं विमान ज्या दिवशी, त्याच्या आदल्या रात्री तिबिलिसीत या.

एंगेलबर्ग-टिटलिस, स्वित्झर्लंड: आपल्याकडच्या टूर कंपन्यांमुळे टिटलिस हे नाव घराघरात माहीत आहे. गाव साधारण १,००० मीटरवर, वरचं स्टेशन ३,००० च्या वर. गावात पाऊस आणि वर हिमवर्षाव हे नेहमीचं. गावापर्यंत रेल्वे जाते. शेंगेन व्हिसा लागतो आणि खर्च मोठा.

निसेको, जपान: बर्फ अव्वल, प्रवास लांब. बर्फावरचे पाच-सहा दिवस मिळणार असतील तरच गणित बसतं.

शीटमध्ये पाचही ठिकाणांची एकेक ओळ भरली, की भांडण निम्मं मिटेल.

‘इतके किलोमीटर स्लोप’ तुमच्या कामाचे आहेत का?

जाहिरातीत स्लोपची एकूण लांबी मोठ्या अक्षरात असते. तुम्ही पहिल्यांदा स्की घालणार असाल, तर पहिले दोन दिवस तुम्ही दीडशे-दोनशे मीटरच्या एका सौम्य उतारावरच असाल. तिथे सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं आणि इन्स्ट्रक्टरमागे हळूहळू खाली यायचं. त्यासाठी सगळ्या डोंगराचा पास कशाला? बऱ्याच ठिकाणी नवशिक्यांचा स्वस्त पास असतो. रिसॉर्टच्या साइटवर तो शोधा.

स्लोपचे रंगही देशागणिक बदलतात. युरोपात निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. अमेरिकेत हिरवा सोपा, निळा मध्यम आणि काळा अवघड. म्हणजे ‘निळा’ ऐकून सगळीकडे बिनधास्त सुटू नका. ओपनस्नोमॅप या साइटवर जगभरातले स्लोप रंगांसह दिसतात. सोपा स्लोप तुमच्या हॉटेलजवळ आहे की तीन लिफ्ट पलीकडे, ते तिथेच कळेल.

तिकीट काढताना एअरपोर्टचा कोड वाचा

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. त्यामुळे ‘मुंबई’ शोधलं की ॲप दोन विमानतळांची विमानं एकत्र दाखवू शकतं. अंधेरीच्या बाजूचा कोड बीओएम आणि उलव्याचा एनएमआय. उलव्यात राहणाऱ्याला हा फरक गमतीचा वाटेल, पण दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास करणाऱ्याला नाही. परतीत एक विमान तुम्हाला बीओएमला उतरवतं आणि पुढचं एनएमआयवरून सुटतं, तर मध्ये खाडी आणि ट्रॅफिक दोन्ही आहे. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं वेगळ्या पीएनआरवर असेल, तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी देणंघेणं नसतं. शक्यतो एकाच पीएनआरवर सगळा प्रवास घ्या.

थेट विमानाच्या भरवशावर पुढची सगळी बुकिंग नॉन-रिफंडेबल करू नका. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा इंडिगोला दिल्लीहून अलमाटी आणि ताश्कंदची उड्डाणं थांबवावी लागली होती. वळसा घेऊन जायला छोट्या विमानांचा पल्ला पुरत नाही. हॉटेलचं फुकट रद्द करता येणारं बुकिंग थोडं महाग पडलं, तरी घ्या.

व्हिसा, इन्शुरन्स आणि पैसे

सर्चमध्ये वर येणारी ‘ई-व्हिसा’ची पहिली लिंक बहुतेकदा जाहिरात असते. पत्ता शेवटपासून वाचा. जॉर्जियाच्या सरकारी साइट ‘डॉट गव्ह डॉट जीई’ने संपतात, तर स्वित्झर्लंडच्या ‘डॉट एडमिन डॉट सीएच’ने. नियम बदलत राहतात, म्हणून रील नाही, सरकारी साइट वाचा. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांसाठी ९० युरो आहे आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

इन्शुरन्स घेताना पॉलिसीच्या पीडीएफमध्ये ‘स्की’ हा शब्द शोधा. बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये हिवाळी खेळ येत नाहीत किंवा त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात. आखलेल्या स्लोपच्या बाहेर गेल्यावर कव्हर राहतं का, तेही बघा. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या उतारावर हिमस्खलन होऊन पोलंडच्या दोन स्कीअरचा जीव गेला. नवशिक्याने दोरीच्या पलीकडे जायचंच नाही, कितीही चांगली रील मिळणार असली तरी.

पैशांचं म्हणाल तर यूपीआयवर विसंबू नका. ते मोजक्याच देशांत आणि मोजक्याच दुकानांत चालतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून ते सुरू करा. दुकानदाराच्या मशीनवर ‘रुपये की स्थानिक चलन’ असं विचारलं, तर स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की मशीनवाला त्याचा चढा दर लावतो. डेटासाठी ई-सिम घ्या आणि ते घरच्या वाय-फायवरच इन्स्टॉल करा. पण भारतीय सिम फोनमधून काढू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार, त्यामुळे त्यावर निदान एसएमएसपुरतं रोमिंग चालू हवं.

थंडीत फोन मान टाकतो, तेव्हा

ॲपल आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश तापमान सुचवतं. डोंगरावर तुम्ही त्याच्या खूप खाली असता. थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आतला अडथळा वाढतो आणि कॅमेरा उघडताच व्होल्टेज इतकं घसरतं की ३० टक्के दाखवणारा फोन एकदम बंद पडतो. बॅटरी संपलेली नसते. ऊब मिळाली की ती परत येते. म्हणून फोन जॅकेटच्या बाहेरच्या खिशात नाही, आतल्या खिशात ठेवा. गोठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, आधी तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिन बॅगेत घ्या. १०० वॉट-तासांपर्यंतची परवानगीशिवाय चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची असते.

गुगल मॅप्सवर तो भाग ऑफलाइन डाउनलोड करा. स्की पेट्रोलचा नंबर आणि हॉटेलचा पत्ता कागदावरही लिहून ठेवा. फोन बंद पडला की तोच कामाला येतो.

खोली बुक करताना एक प्रश्न विचाराच

डिसेंबर २०२४ मध्ये गुदाउरीतल्या एका भारतीय रेस्टॉरंटच्या इमारतीत कार्बन मोनॉक्साइडमुळे १२ जणांचा झोपेतच मृत्यू झाला. त्यातले ११ भारतीय होते, तिथे काम करणारे. वीज गेल्यावर बंद जागेत जनरेटर चालू ठेवला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून स्वस्त खोली घेताना मालकाला मेसेज करून विचारा: हीटिंग कशावर चालतं, आणि वीज गेली तर जनरेटर कुठे असतो? बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म खिशात मावतो. सहा जणांच्या ग्रुपमध्ये एक घेतला, तर माथी फारसा खर्च येत नाही.

मग सुरुवात कुठून?

आज रात्री शीट बनवा. उद्या पाचही डोंगरांचे मागच्या चार-पाच वर्षांचे सॅटेलाइट फोटो बघा आणि तपकिरी दिसणारे नाव वगळा. उरलेल्यांसाठी बर्फावरच्या दिवसाचा खर्च काढा. मग व्हिसा आणि इन्शुरन्सच्या अटी वाचा. तिकीट सगळ्यात शेवटी. एखादी ऑफर ‘फक्त आज रात्री १२ पर्यंत’ म्हणत असेल, तर तिला सांगा, आधी डोंगर बघून येतो.